छप्पर गळायच्या आधी

गेल्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी संध्याकाळी मी एडिंबरातल्या एका लहान चर्चमध्ये गिटार ऐकायला गेलो होतो. चर्च म्हणायचं ते सवयीनं. तिथली रविवारची प्रार्थना बंद होऊन बरीच वर्षं झाली. वेदीच्या जागी आता हातभर उंचीचा लाकडी मंच आहे आणि निम्मी बाकं काढून खुर्च्या मांडल्या आहेत. भिंतीवर मात्र स्तोत्रांचे क्रमांक लावायची लाकडी पाटी अजून टांगलेली आहे. तिच्यावर चार आकडे आहेत, शेवटच्या रविवारी म्हटलेल्या चार स्तोत्रांचे. ते काढायला कुणाचं मन धजावलं नसावं.

आम्ही साठ-सत्तर माणसं असू. वाजवणारी तिशीची होती. डाव्या पायाखाली लहानसा पाट घेऊन बसली. माइक नाही, स्पीकर नाही. सुरुवात करण्याआधी तिनं एवढंच विचारलं, की हीटरचा पंखा बंद केला तर चालेल का? बाहेर चांगलीच थंडी होती, तरी सगळ्यांनी मुकाट्यानं कोट परत अंगात चढवले. पंखा थांबला आणि तेव्हा कळलं, की इतका वेळ आपण त्या घरघरीतच बसलो होतो. रस्त्यावरून एक बस गेली. ती पुरती लांब जाईपर्यंत वाजवणारी थांबली आणि मग पहिला स्वर आला.

नायलॉनच्या तारांची गिटार मुळात हळू बोलणारं वाद्य. त्यातलं ट्रेमोलो मी प्रथमच इतक्या जवळून पाहिलं. अंगठा खर्जाच्या तारांवर चाल धरून असतो आणि अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकामागून एक त्याच एका तारेला इतक्या भरभर छेडतात, की तुटक स्वरांची सलग रेघ ऐकू येते. डावा हात खर्जाच्या गुंडाळलेल्या तारेवरून सरकला की बारीक करकर होते. तीही मागच्या रांगेत ऐकू येत होती. एका रचनेचा शेवटचा स्वर तिनं सोडला आणि हात तसाच वर धरला. मी मनात मोजलं. एक, दोन, आणि त्याच्या जरा पुढे तो भिंतींत विरला. तोवर कुणी टाळी वाजवली नाही.

मध्यंतरात शेजारच्या बाईंशी बोलणं झालं. ऐंशीच्या पुढच्या असतील. त्यांचं लग्न याच चर्चमध्ये झालेलं, मुलांचे बाप्तिस्मे इथलेच. मी विचारलं, "मग आता इथं तिकीट काढून येताना वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," त्या म्हणाल्या. "पण छप्पर बारा वर्षं गळत होतं. शेवटी आम्ही चाळीस जण उरलो होतो. प्रार्थनेला आलो की आधी बादल्या कुठं ठेवायच्या ते बघायचं. आता निदान छप्पर धड आहे."

या शहरात अशी चर्चं पुष्कळ आहेत. चर्च ऑफ स्कॉटलंडची सभासदसंख्या १९५०च्या दशकात तेरा लाखांच्या आसपास होती, आज ती तीन लाखांच्याही खाली आली आहे. माणसं गेली आणि दगडी इमारती मागे राहिल्या. १८२३ साली बांधलेलं होप पार्क चॅपल १९७९पासून क्वीन्स हॉल या नावानं संगीताचं सभागृह म्हणून चालतं. किल्ल्याच्या वाटेवर ज्या चर्चचा उंच मनोरा दिसतो, तिथं १९९९पासून एडिंबरा आंतरराष्ट्रीय महोत्सवाचं कार्यालय आहे. कुठं फ्लॅट झाले, कुठं खाणावळ झाली. इथल्या लोकांना त्याचं आता काही वाटेनासं झालं आहे.

मला मात्र वाटतं, कारण आम्ही अंत्रुज महालातले, म्हणजे गोव्याच्या फोंडा तालुक्यातले. आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा. ती मूळची कवळ्याची नव्हे, साष्टीतल्या केळशीची. १५६०च्या दशकात पोर्तुगिजांनी तिकडची देवळं पाडली तेव्हा लोकांनी मूर्ती जुवारी नदीपार आणल्या. मंगेश कुठ्ठाळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून. आज कवळ्याला जे देऊळ उभं आहे ते १७३८चं, शाहू महाराजांच्या काळातलं. त्यामुळं एखादी प्रार्थनेची जागा दुसऱ्याच कशाची तरी झाली, हे वाक्य आमच्या घरात कुणी सहज उच्चारत नाही. त्याला रात्रीच्या अंधारात होडीतून नेलेल्या देवाचा संदर्भ असतो. आमच्याकडे लोक होते आणि त्यांचा देव हिसकावला जात होता. स्कॉटलंडात देवाला कुणी हात लावला नाही, लोकच हळूहळू यायचे थांबले. दोन्ही रिकाम्या वास्तू एका मापानं मोजता येत नाहीत, हे मला त्या संध्याकाळी बाकावर बसल्या बसल्या स्वतःला बजावावं लागलं.

आणि तरीही बसनं घरी येताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. गोव्यात आज देवळं रिकामी नाहीत. चर्चंही रिकामी नाहीत; आमच्या तालुक्यातल्या कपेलातसुद्धा फेस्ताला उभं राहायला जागा नसते. मग आमच्या गावात रिकामं काय आहे? छप्पर कशाचं गळतं आहे?

सरकारी मराठी प्राथमिक शाळेचं.

मी त्या शाळेत शिकलो. एक लांबट खोली, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढं वसरी. चार इयत्ता एकाच खोलीत आणि एकच बाई. पहिली पाढे म्हणायची तेव्हा चौथी गणित सोडवायची, आणि बाईंचा आवाज कधीही चढत नसे. पाऊस कौलांवर कोसळायला लागला की बाई शिकवणं थांबवायच्या. "आता पाऊस ऐका," म्हणायच्या, आणि आम्ही तीसेक पोरं गप्प बसून पाऊस ऐकायचो. ऐकणं हेही शिकायचं काम असतं, हे मला इतर कुणी कधी सांगितलं नाही.

गोवा मुक्त झाल्यावर १९६३मध्ये भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या काळात वाड्यावाड्यावर अशा शाळा उभ्या राहिल्या. ज्यांच्या घरात कधी अक्षर शिरलं नव्हतं, त्यांची मुलं मराठीतून शिकली. माझे वडील त्यांतलेच. आज आमच्या शाळेला कुलूप आहे. पट चारवर आला, मग दोनवर, मग उरलेली दोन मुलं शेजारच्या गावात पाठवली. आमच्या एका शाळेची ही गोष्ट नाही. गोव्यात पटसंख्येअभावी बंद झालेल्या किंवा दुसरीकडे विलीन केलेल्या मराठी आणि कोंकणी शाळा गावोगाव दाखवता येतील.

या काळात भाषेवरून वाद कमी झाले असं मात्र नाही. १९८७चा राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराची तरतूद झाली. ते भांडण अजून मिटलेलं नाही. १९९०पासून मातृभाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान, असं धोरण होतं. २०११मध्ये इंग्रजी शाळांना अनुदानाचं दार उघडलं आणि त्यावरून पुढं पाच-सहा वर्षं मोर्चे, सभा, फाटाफूट, निवडणुका असं सगळं झालं. मराठीला राजभाषेचा दर्जा मिळावा ही मागणी आता पुन्हा जोरात आहे. ती मला मान्य आहे. गोव्यातल्या हिंदू घरांत बोलणं कोंकणीतून चालतं आणि भजन, नाटक, वर्तमानपत्र, कीर्तन मराठीतून, हे आमचं जगणं आहे. त्याला कायद्यात जागा असावी असं मला मनापासून वाटतं.

पण मोर्चाला गेलेल्यांची मुलं कुठल्या शाळेत होती? माझ्या सख्ख्या भावानं आपल्या दोन्ही मुलांना इंग्रजीत घातलं. मी तर देशच सोडला. माझ्या मुलीला देवनागरी वाचता येते ती दर रविवारी स्वयंपाकघराच्या टेबलाशी तासभर बसल्यामुळं. त्यामुळं दोष देणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. सांगायचं आहे ते इतकंच, की शाळेच्या माध्यमावर आम्ही तीस वर्षं बोललो आणि त्या तीस वर्षांत शाळेच्या छपराकडे कुणी बघितलं नाही. आता शाळा पुन्हा सुरू होईल या आशेवर कुलूप तसंच ठेवायचं आणि दर पावसाळ्यात दहा-वीस कौलं खाली येऊ द्यायची, याला शाळा वाचवणं म्हणत नाहीत.

माझं म्हणणं असं आहे, की ती खोली गावानं ऐकण्यासाठी उघडावी. माइक न लावता.

हे गावातल्या दुसऱ्या एका भांडणाशीही जोडलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गेल्या वर्षी जत्रेतलं नाटक रात्री दहाच्या ठोक्याला बंद करावं लागलं. दुसऱ्या अंकाच्या मध्यात माइक गेला. चुलतभावानं मला पहाटे भला मोठा निरोप पाठवला: किनाऱ्यावरचे क्लब पहाटेपर्यंत धडधडतात ते चालतं आणि आमच्या देवाच्या अंगणातलं नाटक चालत नाही. त्याचा राग मला पटतो. किनारपट्टीवर राहणाऱ्या माझ्या मावशीच्या घरात डिसेंबरमध्ये रात्री खिडकीच्या काचा थरथरतात. काचेवर हात ठेवून मी ते अनुभवलं आहे. नियम सगळ्यांना सारखा लागत नाही ही तक्रार खरी आहे.

पण सवलत मागण्याच्या घाईत एक गोष्ट आम्ही विसरतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे. रात्री दहा ते सकाळी सहा मनाई, आणि सणासमारंभांसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. लोक एवढंच सांगतात आणि ते पंधरा दिवस कुणाच्या वाट्याला यायचे यावर भांडतात. त्याच नियमात बंदिस्त जागेला, सभागृहाला, समाजमंदिराला वेगळं ठेवलं आहे. आत चाललेलं आतच राहत असेल तर रात्रीची मनाई तिथं लागू होत नाही. म्हणजे वाद घड्याळाचा धरला तर मिटत नाही, खोलीचा धरला तर मिटू शकतो. दीडशे माणसांच्या नाटकाला माणसाएवढे चार स्पीकर अंगणात कशासाठी लागतात? मंगेशीच्या दीनानाथांनी १९१८मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली तेव्हा नटाचं पद पिटापासून मागच्या रांगेपर्यंत पोचायचं ते गळ्याच्या बळावर. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, अभिषेकीबुवा हे सगळे ज्या मातीतले, तिथल्या पोरांना आज स्वतःचा आवाज माइकशिवाय कसा लागतो ते माहीत नाही. माझे काका साठ वर्षं भजनात गातात. स्पीकर आले त्या वर्षी ते जे म्हणाले ते आमच्या घरात अजून बोललं जातं: "आवाज कान फोडटा, पूण भितर पावना." म्हणजे कान फुटतात, पण आत काही पोचत नाही.

एडिंबरातही हे भांडण होतंच. परवान्यात अट असायची, की पबमधलं स्पीकरवरचं संगीत शेजारच्या घरात अजिबात ऐकू येता कामा नये. त्यामुळं लहान जागा बंद पडू लागल्या. २०१६मध्ये शब्द बदलले आणि शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं वाजवू नये, असं झालं. नंतर स्कॉटलंडच्या २०१९च्या नियोजन कायद्यात आणखी एक गोष्ट आली. जुन्या संगीताच्या जागेशेजारी जो नवीन घरं बांधेल, आवाज अडवायची सोयही त्यानंच करायची. शहाणपणाची अट आहे ती. गोव्यात जिथं देवळाला खेटून विलांच्या वसाहती उठतात आणि मग नौबतीबद्दल तक्रार येते, तिथं ही अट लगेच लागू व्हावी.

पण मला त्याहून जास्त आवडलेली गोष्ट वेगळी आहे. स्कॉटलंडमध्ये २०१५चा एक कायदा आहे, लोकसमूहांना बळ देणारा. त्याखाली स्थानिक रहिवाशांची संस्था सरकारी इमारत वापरायला किंवा विकत घ्यायला मागू शकते आणि नकार द्यायचा तर सरकारला कारणं द्यावी लागतात. मोक्याची इमारत विक्रीला आली तर ती आधी विकत घेण्याचा हक्कही लोकांना नोंदवता येतो. आमच्या शहराच्या समुद्राकाठच्या पोर्टोबेलो भागात लोकांनी २०१७मध्ये याच हक्कानं एक बंद झालेलं चर्च घेतलं. शहरी भागात हा हक्क वापरला गेल्याची स्कॉटलंडमधली ती पहिली वेळ. आता तिथं लहान मुलांचे वर्ग भरतात, नाच होतो, गाणं होतं, कुणाची श्राद्धासारखी स्मरणसभाही होते. बेलफिल्ड म्हणतात त्या वास्तूला. मी तिथं गेलो की भिंतीवरचं कामांचं वेळापत्रक वाचत उभा राहतो: खुर्च्या कुणी लावायच्या, चहाची भांडी कुणी धुवायची. गावच्या देवळात सप्ताहाच्या आधी पारांची, म्हणजे पाळीपाळीनं भजन करणाऱ्या गटांची, यादी लागते ना, तशीच ती यादी असते.

म्हणून हे परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणू नये. गावाची जमीन गावानं मिळून सांभाळायची गावकारीची पद्धत आमचीच. १५२६च्या फोराल या सनदेत पोर्तुगिजांनी ती लिहून ठेवली, म्हणजे ती त्याच्याही आधीची. वास्को शहरात श्रावणात दामोदर सप्ताह होतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी भजन सुरू होतं आणि चोवीस तास अखंड चालतं, वेगवेगळ्या व्यवसायांचे पार आपापली पाळी घेतात. एक दिवसाचा तंबोरा खाली न ठेवण्याइतकी शिस्त ज्या लोकांत आहे, त्यांना एका खोलीची चावी सांभाळता येणार नाही का?

गोव्यात असं काही घडलेलंच नाही असंही नाही. जुन्या गोव्यात सांता मोनिका या जोगिणींच्या मठाच्या चर्चमध्ये आता ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. टेकडीवरच्या मोंतच्या कपेलात फुंदासांव ओरियेंत ही पोर्तुगीज संस्था संगीत महोत्सव भरवते, आणि तिथं पाश्चात्त्य संगीतही होतं, हिंदुस्थानीही. सूर्य मांडवीकडे उतरत असताना तिथल्या अंगणात बसून मी एकदा सतार ऐकली आहे. पण तिथं जायला गाडी लागते, वेळ लागतो, आपण त्यातले आहोत असं वाटावं लागतं. आमच्या वाड्यावरच्या बायका तिथं जाणार नाहीत.

आणि पणजीची कला अकादमी? चार्ल्स कोरियांची ती वास्तू. कॉलेजात असताना मागच्या रांगेत बसून तिथं मी तंबोऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या ऐकल्या आहेत. जुलै २०२३मध्ये तिच्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं, नोव्हेंबरमध्ये नूतनीकरण होऊन ती पुन्हा उघडली आणि तेव्हापासून नाटकवाले, गाणारे, वाजवणारे सांगत आले आहेत की आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. त्यांचं ऐकलंच पाहिजे. आवाज बिघडलेलं सभागृह म्हणजे आटलेली विहीर. तरीही मला काळजी आहे ती पुढच्या पिढीची. कानाला चांगला आवाज कधी लागलाच नसेल, तर बिघडला हे तरी कुणाला कळणार?

माझ्या या मताला घरातूनच विरोध झाला. वडिलांचा. ते म्हणाले, "तू शाळेचं सभागृह कर म्हणतोस म्हणजे शाळा मेली हे मान्य कर म्हणतोस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. ज्या बाकावर बसून ते घरातले पहिले वाचणारे झाले, ते बाक बाजूला सरकवून तिथं गिटार वाजवायची? मी बराच वेळ काही बोललो नाही. मग त्यांना एडिंबराच्या त्या बाईंची गोष्ट सांगितली, बादल्यांची. ती पाटी आणि तिच्यावरचे चार आकडे सांगितले. ते म्हणाले, "फळा काढायचा नाही." मी म्हटलं, "नाही काढायचा." त्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी पंचाकडे जायला चपला घातल्या.

जानेवारीत मी पंधरा दिवस घरी होतो. पंचायतीनं एका संध्याकाळपुरती चावी दिली. सकाळी आम्ही सहा जणांनी खोली झाडली. वाळवीनं खाल्लेली दोन बाकं बाहेर काढली, वटवाघळांची घाण घासली, खिडक्या उघडल्या. फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहिलेली तारीख पुसट दिसत होती. ती वडिलांच्या सांगण्यावरून तशीच ठेवली. देवळातल्या चटया आणल्या. काकांनी आपलं घुमट आणलं, मडक्याच्या एका तोंडावर कातडं ताणून केलेलं वाद्य. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता बकऱ्याचं लावतात. काकांनी ते दुपारभर उन्हात ठेवलं होतं आणि अधूनमधून नखानं टिचकी मारून बघत होते. माझ्या वर्गातल्या मित्राचा मुलगा मडगावात गिटार शिकतो. त्याला बोलावलं. त्यानं विचारलं, "काका, अ‍ॅम्प आणू?" मी नको म्हटलं. तो जरा घाबरला.

साडेसहाला एकतीस माणसं होती. मी मोजली. पहिली दहा मिनिटं वाईट गेली. मुलगा हळू वाजवत होता, बाहेर मोटरसायकली जात होत्या, मागं दोन बायका बोलत होत्या. मग काकांनी हात वर केला आणि एवढंच म्हणाले, "जरा रावया." सगळे थांबले. रस्ता शांत होईपर्यंत थांबले. मुलानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि या वेळी त्याच्या बोटांची करकर मला भिंतीपाशी ऐकू आली. त्या खोलीत घुमारा नाही. चिरा आवाज पिऊन टाकतो, कौलांच्या फटींतून थोडा निसटतो. चर्चसारखा स्वर रेंगाळत नाही, उमटतो आणि जातो. पण स्पष्ट असतो, जवळ बसून कुणी कानात सांगावं तसा. काकांनी घुमट मांडीवर घेतलं, उजव्या हाताची बोटं कातड्यावर, डावा तळवा मडक्याच्या मागच्या तोंडावर. तो तळवा उघडझाप करतो तसा नाद खोल होतो, उथळ होतो. चवथीच्या आरतीला ते मी जन्मभर ऐकत आलो, पण झांजांच्या आणि पन्नास गळ्यांच्या गर्दीत. ते घुमट एकटं आणि इतकं हळू मी कधीच ऐकलं नव्हतं. काका मुलाच्या बोटांकडे बघत होते, मुलगा काकांच्या तळव्याकडे. नंतर काकांनी तुकोबांचा एक अभंग म्हटला, नेहमीच्या अर्ध्या आवाजात.

आई शेवटच्या चटईवर होती. येताना म्हणाली, "त्यांचा श्वास ऐकू आला मला. ओळ संपल्यावर घेतात तो." काका पंच्याहत्तर वर्षांचे आहेत आणि आईनं त्यांना चाळीस वर्षं ऐकलं आहे.

साडेआठला आम्ही चावी पंचाच्या घरी परत दिली. त्या रात्री गावात कुणाला त्रास झाला नाही. समोरच्या घरातल्या मावशी दुसऱ्या दिवशी रागावल्या, की शाळेत काही होतं तर मला का सांगितलं नाही, मला ऐकूच आलं नाही.

आता ग्रामसभेपुढं ठराव ठेवायचा आहे, की दर महिन्याच्या एका संध्याकाळी खोली उघडावी आणि बाकीच्या दिवशी तिथं वाचनालय असावं. कुणी म्हणतं अंगणवाडी करा. तीही चालेल, सकाळी मुलं आणि संध्याकाळी गाणं यात काही विरोध नाही. कुणी म्हणतं इमारत शिक्षण खात्याची, परवानगी येणार नाही. येईल किंवा नाही, अर्ज तर करू. हे नाटक आणि दहा वाजण्याच्या भांडणावरचं पूर्ण उत्तर नाही हे मलाही कळतं. जत्रेचं नाटक एका खोलीत मावत नाही. पण ज्या पोरानं या खोलीत गप्प बसून एक घुमट ऐकलं, तो मोठा होऊन जत्रेच्या कमिटीत जाईल तेव्हा चार स्पीकर मागवण्याआधी दोनदा विचार करील, असं मला वाटतं.

काल काकांचा फोन आला होता. ते शिडी लावून वर चढून आले होते, या वयात, आणि आई त्यावरून मागं ओरडत होती ते मला इथपर्यंत ऐकू येत होतं. वासे बरे आहेत म्हणाले, फक्त उत्तरेकडचा एक बदलावा लागेल. कौलं दोनशे लागतील. जुन्या पद्धतीची मिळतात का ते ते फोंड्याच्या बाजारात विचारणार आहेत. मेच्या अखेरीपर्यंत व्हायला हवं.